धुतलेली मेथी

काठीच्या टोकानं तिनं माझी टोपली ओट्यावरून खाली ढकलली. कोंबड्या हाकायची काठी. टोपली कलंडली आणि मेथीच्या जुड्या अंगणात पसरल्या. हिरव्यागार. अजून पाणी निथळत होतं त्यांच्यातून.

"म्हशीला टाक," ती म्हणाली. मला नाही, आपल्या सुनेला.

सून फावडं घेऊन आली. हात न लावता तिनं जुड्या फावड्यावर ओढल्या आणि गोठ्यात नेऊन टाकल्या. हीच सून रोज सकाळी शेण हातानं उचलते, मी बघितलंय. शेणाला हात चालतो. माझ्या मेथीला फावडं लागलं.

आणि मी काय केलं? मी हात जोडले. म्हणाले, "चुकलं काकू."

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मी शेखी मिरवतेय असं कुणाला वाटायला नको. त्या दिवशी मी हात जोडले. काय चुकलं हे मला धड कळलंसुद्धा नव्हतं.

काकू म्हणजे आमच्या बचत गटाची अध्यक्षा. गावात सगळे तिला काकू म्हणतात, मीही तोंडावर म्हणते. इथं मात्र मी तिला 'ती' म्हणणार. मान पोटातून यावा लागतो, आणि माझ्या पोटात त्या दिवसापासून तिच्यासाठी फक्त ओकारी आहे.

हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीपनं आत आलं की आमचं गाव. गावाच्या कडेला आमची वस्ती. 'वस्तीतली' म्हटलं की आमच्याकडं पुढं काही विचारावं लागत नाही, तुम्हालाही कळलं असेल. आमच्या घरात कुणाच्याच नावावर कधी वावर नव्हतं. सासऱ्याच्या नाही, नवऱ्याच्या नाही, माहेरीही नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दुसऱ्याच्या रानात राबले. सगळ्यात जास्त तिच्याच रानात. कापूस वेचला, सोयाबीन काढलं, हळद खणली.

मग शाळेच्या मागच्या पडीक जागेवर गटाची परसबाग निघाली. दहा बाया, दहा वाफे. पाण्याला शाळेच्या बोअरवरचा हौद. ज्या वाफ्यात जी बाई पिकवेल ती भाजी तिची, फक्त पाळीपाळीनं एकेका वाफ्याची भाजी शाळेच्या खिचडीला द्यायची. असं ठरलं. मला दहावा वाफा मिळाला, सगळ्यात शेवटचा, नालीच्या कडेचा. नुसता मुरूम आणि गोटे. कुणी तो घेत नव्हतं म्हणून तो माझा.

पण माझा. चाळीस वर्षांच्या वर वय झालं तेव्हा कुठं जमिनीच्या एका तुकड्याला मी माझं म्हणू शकले. त्या वाफ्यातले गोटे मी एकेक करून वेचले. तळ्यातला गाळ डोक्यावरून आणला. शेळ्यांच्या लेंड्या गोळा करून खत घातलं. नवरा हसायचा, म्हणायचा, "लेकराला न्हाऊ घालावं तशी करून राहिली तू." करत होतेच. पहिल्या हिवाळ्यात माझ्या वाफ्यात मेथी आली, पालक आला, सांबार म्हणजे कोथिंबीर आली, आणि गावातल्या बाया थांबून बघायला लागल्या. मेथी तर अशी आली की सगळ्या बागेत तशी कुणाचीच नव्हती.

ती स्वतः एकदा वाफ्यापाशी येऊन म्हणाली होती, "हात चांगला हाय गं तुझा."

हात चांगला आहे. हे तिचेच शब्द.

मग जिल्ह्यावरून बचत गटांचं काम बघणाऱ्या मॅडम येणार असं कळलं. बाग बघणार, फोटो काढणार, आणि तिच्या घरी बागेतल्या भाजीचं जेवण करणार. प्रत्येकीनं आपल्या वाफ्यातलं काहीतरी द्यायचं ठरलं. कुणी वांगी, कुणी टमाटे, कुणी वाल. मला निरोप आला, मेथी तुझीच पाहिजे.

मी पहाटे उठून मेथी उपटली. आदल्या दिवशी पाणी दिलं होतं, मुळांना चिखल होता, पानांवरही शिंतोडे. एवढ्या मोठ्या मॅडम येणार, त्यांना चिखलाची भाजी कशी द्यायची? मी हौदावर बसले आणि एकेक जुडी धुतली. पानं मोडू नयेत म्हणून हळू धुतली. अंबाडीच्या वाखानं बांधली. वरून ओलं फडकं टाकलं आणि टोपली डोक्यावर घेऊन गेले. मला इतका आनंद झाला होता की सांगायची लाज वाटते.

ती ओट्यावर उभी होती. काठीनं फडकं बाजूला करून तिनं आत बघितलं.

"पानी लावलं का याला?"

"व्हय काकू. माती लई होती. धुऊन आणली."

मागं चुलीपाशी बसलेल्या बायांनी माना वर केल्या.

"कोन सांगितलं व्हतं तुला धुवाया? कोरडी आणली असती तर घेतली असती की. आता काय करू मी हिचं?"

मग ती काठी.

माझं 'चुकलं काकू' ऐकून तिचा आवाज मऊ झाला. म्हणाली, "जा, लवकर दुसरी उपटून आन. माती राहू दे. पानी नको लावू."

आणि मी गेले. पळत गेले. उरलेली मेथी, जी मी गोरेगावच्या बाजारासाठी राखली होती, ती सगळी उपटली. मुळांना नालीकडचा काळा चिखल लटकत होता. तशीच नेली. ती तिनं घेतली. सुनेनं हातात घेतली, छातीशी धरून आत नेली. चिखलानं तिचं लुगडं भरलं तरी काही नाही. नालीचा चिखल चालतो. फक्त माझ्या हातचं पाणी चालत नाही.

दुपारी मॅडम आल्या. आम्हाला वाफ्यांपाशी उभं केलं. मला पुढं ओढलं, कारण फोटोत वस्तीतली बाई पाहिजे होती. माझ्या हातात चिखलाची एक जुडी दिली. मॅडम साध्या होत्या, चांगलं बोलत होत्या. त्यांनी विचारलं, "भाजी ताजी राहावी म्हणून तुम्ही काय करता?"

मी तोंड उघडायच्या आत ती पुढं झाली. "वल्या फडक्यात ठेवतो मॅडम आमी. धुऊन, वल्या फडक्यात."

मॅडमनी वहीत लिहून घेतलं.

नंतर त्यांचं जेवण झालं, मेथीची वाखाणणी झाली, चहा झाला. चहाचं दूध गोठ्यातल्या म्हशीचं. जिनं सकाळी माझी ओली मेथी खाल्ली तिचंच. मी अंगणाबाहेर उभी राहून बघत होते. ती बशीतून चहा पीत होती, फुंकर मारून, सावकाश. भाजी माझ्या हातून आली तर बाटते, म्हशीच्या पोटातून आली तर गोड लागते. असली यांची शुद्धता. थू.

घरी आले आणि सासूला सांगितलं. सासू उन्हात बसून तांदूळ निवडत होती. ऐकून तिला काही वाटलंच नाही. खडा काढून टाकावा तसं म्हणाली, "तुला म्हाईत न्हवतं? कोरडं द्यावं, वलं देऊ न्हाई. वल्याला आपला हात लागतो. मला वाटलं तुला तुझ्या आईनं सांगितलं असल."

आईनं सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. आम्ही आयुष्यभर त्यांच्या हातात दिलं ते सगळं कोरडंच. कापूस कोरडा. सोयाबीन कोरडं. ज्वारी कोरडी. रानातल्या मजूर बाईला कुणी स्वयंपाकघरात लागणारी ओली भाजी मागत नाही. म्हणून हा नियम माझ्या वाट्याला कधी आलाच नव्हता. मला आपलं वाटत होतं की जुनं सगळं संपलं. एका जीपमध्ये बसतो, एका रांगेत राशन घेतो, एका गटात आहोत. गटात तर एकमेकींना ताई म्हणायचं शिकवलंय. संपलं काहीच नव्हतं. फक्त मी कोरडी होते तोवर ते दिसत नव्हतं.

आणि मग हळद आठवली. आमचा भाग हळदीचा. तिच्या रानातली हळद उकडतात तेव्हा कढईतून निघालेली वाफाळती, ओली हळद मी या हातांनी पसरते. हात पिवळे होतात, पोळतात. पंधरा दिवस ती उन्हात वाळते, मग पॉलिश होते. तीच हळद देवाला वाहतात. तीच नवरीच्या अंगाला लावतात. तिच्या मुलाच्या लग्नात जी हळद लागली ती मी पसरलेली होती. तेव्हा काही बाटलं नाही. का, तर वाळली. ऊन लागलं की आमचा हात पुसला जातो म्हणे. किती सोयीचा धर्म आहे बघा. जिथं आमच्याशिवाय भागत नाही तिथं ऊन येतं मदतीला.

"तकलीफ काय हाय त्याच्यात?" सासू म्हणाली. "भाजी तर घेतेत ना. कोरडी दे म्हंजे झालं."

मी मान हलवली. खरंच हलवली. माझी पोरगी हिंगोलीत वसतिगृहात राहून अकरावीला शिकते. सुट्टीत आली की ती माझ्याबरोबर वाफ्यात येते. माझ्या मनात आलं, पोरगी आली की हे तिला सांगून ठेवायला पाहिजे. नाहीतर तीही माझ्यासारखीच कुठंतरी धुतलेली जुडी घेऊन जाईल आणि फजिती होईल.

हे मनात आलं आणि मी जागच्या जागी थांबले.

मी काय करायला निघाले होते? सासूनं मला सांगितलं, मी पोरीला सांगणार, पोरगी तिच्या पोरीला. त्यांना तोंडसुद्धा उघडावं लागत नाही. त्यांचा नियम आम्हीच आमच्या लेकींना शिकवतो, वर मायेनं शिकवतो, चटका बसू नये म्हणून. तिच्या काठीची मला किळस आली होती. पण माझ्या त्या हलवलेल्या मानेची जी किळस आली तिला तोड नाही. मी उठून अंगणाच्या कडेला गेले आणि खरोखरच ओकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी बागेत गेले. वस्ती जवळ म्हणून दहाही वाफ्यांना पाणी द्यायचं काम पहिल्यापासून माझ्याकडंच. पाइप हातात धरून मी तिच्या वाफ्यापाशी उभी राहिले. तिची वांगी फुगून आली होती, काळी, तुकतुकीत. त्या प्रत्येक वांग्यात माझ्या हातचं पाणी होतं. पेरल्यापासून. मुळाला चालतं, पानाला चालत नाही.

मी पाइप उचलला. नऊ वाफे तसेच सोडले आणि माझ्या एकट्या वाफ्याला पाणी दिलं. मग कॉक बंद करून घरी गेले.

चार दिवसांत वाफे सुकायला लागले तेव्हा आरडाओरडा झाला. सगळ्या बागेत जमल्या. ती आली, तांड्यावर राहणारी गटाची सचिव ताई ठरावाची वही घेऊन आली. नेमकी त्याच दिवशी शाळेला भाजी द्यायची पाळी माझी होती. मी त्यांच्यासमोर पालक कापला, हौदापाशी नेला, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालून धुवायला बसले.

"काहून गं ए? परत तेच?" ती म्हणाली. बाकी सगळ्यांना ती ताई म्हणते, मला 'गं ए'.

"व्हय. परत तेच. शाळंला द्यायची तर धुतलेलीच देईन."

"आन पानी काहून न्हाई दिलं वाफ्यायला?"

"माझ्या हातचं पानी तुमाला चालत न्हाई ना काकू. मंग मुळाला तरी काहून द्यावं? बराबर हाय का न्हाई?"

तिचा चेहरा लाल झाला.

"लई शानी झाली का? गटाचं ऐकायचं नसल तर वाफा काढून घेऊ."

मी घाबरले. ते लपवण्यात अर्थ नाही. गोटे वेचलेला वाफा. गाळ वाहिलेला वाफा. तो गेला तर मी परत रानातली बाई, उन्हातली, कोरडी. मग मी सचिव ताईकडं बघितलं.

"ताई, वही काढा. लिहा. हिच्या हातचं पानी भाजीला लागलं म्हून गटानं हिचा वाफा काढून घेतला. अस्संच लिहा. खाली सगळ्यायच्या सह्या घ्या."

सचिव ताईनं पेन उघडलं. तिच्याकडं बघितलं. "काय लिहू काकू?"

तिनं तोंड आपल्या वांग्यांकडं वळवलं.

"लिहू का?"

बाकीच्या बाया जमिनीकडं बघत होत्या. सचिव ताईनं पेनाला टोपण लावलं. सचिव ताई काही माझ्या बाजूची नाही. तिच्या घरीही मी दारातच उभी असते. पण लिहायचं तिचंही धाडस झालं नाही. इतकी वर्षं जे सगळ्या गावानं पाळलं ते एका ओळीत लिहायला कुणी तयार नव्हतं. कागदावर ते गुन्हा दिसतं, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे.

त्या दिवशी माझा पालक त्यांनी शाळेला जाऊ दिला नाही. मी तो गोरेगावला नेला. तिथं बाजारात सगळ्याच भाजीवाल्या भाजीवर पाणी शिंपडत बसतात, मीही शिंपडत बसले. आमच्याच गावची दोन घरं शेजारच्या अनोळखी बाईकडून ओली कोथिंबीर घेऊन गेली. जात माहीत नसली की पाणी नुसतं पाणी असतं.

आठवड्यानं तिचा नवरा वस्तीत आला. खुर्ची दिली तर बसला नाही. उभ्यानंच माझ्या नवऱ्याला म्हणाला, "कशाला वाढवून राहिले तुमी? वाफा तिचाच हाय, कोन काढून राहिलं? शाळंला बी द्या भाजी. हळदीच्या कामाला बी या. फकस्त कोरडी देत जा म्हनाव. एवढंच तं म्हनून राहिलो."

एवढंच. सासू माझ्याकडं बघत होती. नवरा माझ्याकडं बघत होता. वाफा, शाळेची पाळी, हळदीचं काम, सगळं परत मिळत होतं. बदल्यात फक्त कोरडी जुडी.

"न्हाई जमणार," मी म्हणाले. नवऱ्यानं माझ्या वतीनं काही बोलायच्या आत मीच म्हणाले.

तेव्हापासून तिच्या रानात आम्हाला काम नाही, शाळेची पाळी नाही. वाफा तेवढा राहिला, कारण काढून घ्यायचं तर वहीत लिहावं लागलं असतं. बागेतल्या बाया माझ्याशी बोलत नाहीत. आपापल्या वाफ्याला आता आपापलं पाणी देतात, आणि मी आले की हौदापासून दूर सरकतात. मी मुद्दाम वेळ लावून धुते. सासू म्हणते की मी घर धुळीला मिळवणार. पोरगी सुट्टीत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, काठीपासून. माझ्या जोडलेल्या हातांसकट. नियम म्हणून नाही सांगितलं. ती हौदावर आली आणि माझ्याबरोबर भाजी धुवायला बसली.

आता परत हिवाळा आलाय. मेथी गेल्या वर्षीपेक्षा दाट आहे. पुढच्या आठवड्यात त्या मॅडम परत येणार आहेत, म्हणे आपली बाग दुसऱ्या गावांना दाखवायची आहे. काल तिची सून वाफ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. "मॅडमनी मेथीची इच्यारपूस केली म्हनं. सासूबाई म्हनल्या, तुझीच पाहिजे. आन कोरडीच आनजो, बाई. तमाशा नको."

"आनते म्हनून सांग," मी म्हणाले. "किती पाहिजे तेवढी आनते."

आणणार आहे. पण पहाटे उपटून ठेवणार नाही. मॅडम वाफ्यापाशी आल्यावर उपटीन. त्यांच्यासमोर हौदावर बसून धुईन, मागच्या वेळी त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं तशी. आणि निथळती जुडी मॅडमच्या हातात देणार नाही. तिच्या हातात देईन. काठी नसेल, फावडं नसेल, सून मध्ये नसेल. तिनं हात पुढं करायचा, नाहीतर का करत नाही ते मॅडमना स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तिच्या वतीनं मी एक अक्षर बोलणार नाही. ओली जुडी धरून तिच्यासमोर उभी राहीन, आणि ती हलेपर्यंत हलणार नाही.